चुलीपाशी जर्मन

लेक श्टुटगार्टला असते, तिच्या बाळंतपणाला मी जाणार. तीन महिने बेळगावात, शहापूरच्या घरीच जर्मन शिकले. कसं, ते सांगते.

पुस्तक नंतर, आधी कान. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे मोफत धडे मोबाइलवर लावून मी भाकऱ्या थापायची आणि ऐकलेलं मोठ्यानं म्हणायची. 'झेड' दिसला की 'चमचा'तला च म्हणा. 'यू'वर दोन टिंबं असली तर ओठ 'ऊ'चे ठेवून आतून 'ई' काढा. शेजारची पोरं हसली, हसू देत.

शब्द एकटा पाठ करू नका. तो-ती-ते तिकडेही आहेच: डेर, डी, दास. पण मेळ बसेलच असं नाही. चमचा तिथंही 'तो', डेर ल्योफेल. काटा मात्र 'ती', डी गाबेल, आणि सुरी चक्क 'ते', दास मेसर. मी फडताळावर तीन रंगांच्या चिठ्ठ्या डकवल्या.

आकड्यांत आपली चंगळ. कानडीत इप्पत्तैदु, म्हणजे वीस आधी, पाच मागून. जर्मनमध्ये आपल्या पंचविसासारखं पाच आधी: फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश. तेव्हा आकडे मराठीतूनच जुळवा. गणपत गल्लीत प्रत्येक भाव मी जर्मनमध्ये पुटपुटायची. मेथीवाली म्हणाली, "काय पुटपुटायलाय हो काकू, महाग वाटली व्हय?"

रोज रात्री लेकीला फोन, पहिली दहा मिनिटं फक्त जर्मन. पहिल्या आठवड्यात त्यातली आठ मिनिटं आम्ही गप्पच होतो.