लो-फोडमॅप आहार मराठी स्वयंपाकघरात कसा पाळायचा

चातुर्मास पाळणाऱ्या घरात कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक कसा करायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे आयबीएससाठी (आतडं हळवं असल्याने वारंवार होणारी पोटदुखी, पोटफुगी आणि शौचाच्या तक्रारी) डॉक्टरांनी लो-फोडमॅप, म्हणजे फोडमॅप नावाची कर्बोदकं कमी असलेला, आहार सांगितला की पुष्कळांना वाटतं, नैवेद्याचं जेवण जेवलं की झालं. पण नैवेद्याच्या पानातलं तुरीचं वरण, पुरणपोळी, दुधाची खीर आणि मठ्ठा हे सगळंच या आहारात सुरुवातीला बंद असतं.

हा आहार ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी बसवला. गहू, कांदा आणि लसणातलं फ्रुक्टान, कडधान्यांतलं जीओएस (गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड), दुधातलं लॅक्टोज, आंबा-मधातलं जादा फ्रुक्टोज आणि मशरूमसारख्या पदार्थांतले पॉलिऑल ही कर्बोदकं (यांनाच मिळून फोडमॅप म्हणतात) लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती पाणी ओढतात आणि मोठ्या आतड्यात आंबून गॅस करतात. हे सगळ्यांच्याच पोटात होतं, पण ज्यांचं आतडं हळवं असतं त्यांना त्याचा त्रास होतो.

सुरू करण्याआधी

गहू बंद करण्याआधी सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडल्यानंतर केलेली तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते. शौचातून रक्त पडणं, वजन उतरणं, पंडुरोग, पोटदुखीने रात्री जाग येणं यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग आहार. मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांनी आहारतज्ज्ञाशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

आठवडाभर नेहमीचंच जेवा आणि रोज वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, पोटफुगी आणि दुखणं ० ते १० मध्ये किती, शौच कशी झाली. ही नोंद नसेल तर महिन्याने फरक पडला की नाही हे नुसत्या अंदाजावर ठरवावं लागतं.

पहिला टप्पा: २ ते ६ आठवडे

तांदूळ, ज्वारी, नाचणी, वरी, साबुदाणा, बटाटा, गाजर, काकडी, पालक, टोमॅटो, अंडी, मासे, चिकन, शेंगदाणे आणि तूप चालतं. भेंडी, वांगं आणि फरसबी एका जेवणात अर्धी वाटीच घ्या. फळांत संत्रं, पपई, अननस आणि देठाशी हिरवट असलेलं केळं. पिकून ठिपके पडलेलं केळं नको, कारण पिकताना त्यातलं फ्रुक्टान वाढतं. आंबा, फणस, कलिंगड, सफरचंद, काजू, पिस्ते, खजूर, मध, दूध, दही, ताक बंद. चहात एक मोठा चमचा दूध चालतं. जास्त हवं असेल तर लॅक्टोजमुक्त दूध आणा.

साखर या बंद पदार्थांच्या यादीत नाही, याचं बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. साधी साखर लहान आतड्यातच पचते. मात्र 'शुगर-फ्री' गोळ्या आणि च्युइंगम यांत अनेकदा सॉर्बिटॉल नावाचं पॉलिऑल असतं, ते टाळा.

आता लसूण. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. या एका गोष्टीवर निम्मा स्वयंपाक सावरता येतो. पाव वाटी शेंगदाणा तेलात ३-४ ठेचलेल्या पाकळ्या मंद आचेवर कडा सोनेरी होईपर्यंत तळा, मग तेल गाळून घ्या. पाकळीचा कणही राहू देऊ नका. या तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्त्याची फोडणी द्या, लसणाचा वास पुरता उतरतो. उलट रश्शात अख्खी पाकळी घालून वाढताना काढून टाकली तर उपयोग नाही, कारण तोवर फ्रुक्टान रश्शात उतरलेलं असतं. हे तेल ओट्यावर ठेवू नका. तेलातल्या लसणात बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात आणि ते वासाने कळत नाही. थोडंच करा, फ्रीजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा.

कांद्याच्या चवीसाठी पातीचा फक्त हिरवा भाग वापरा, पांढरा नाही. वाटणातल्या कांद्याचं काम दाटपणा देण्याचं असतं. ते भाजलेलं सुकं खोबरं (माणशी दोन चमचे), दाण्याचं कूट, टोमॅटो आणि कोथिंबिरीचे देठ वाटून भागतं. घरचा गोडा मसाला चालतो. कांदा-लसूण मसाला, लसणाची चटणी आणि मेतकूट बाजूला ठेवा. बाजारच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. चिमूटभराने फोडमॅपचा हिशेब बिघडत नाही, पण सिलिअ‍ॅक असेल तर खडा हिंगच आणा.

पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी. पीठ ताजं हवं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, मग भाकरी थापताना कडा फाटतात आणि कितीही मळलं तरी सुधारत नाहीत. अशा पिठाला उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाका, मग तळहाताने रगडून मळा. गोळा एकेका भाकरीपुरताच घ्या.

डाळ पूर्ण सोडायची गरज नाही. मूगडाळ भिजवा, पाणी फेका, उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवा आणि तेही पाणी गाळून टाका. जीओएसचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो. कुकरमध्ये मोजून पाणी घातलं की सगळं आतच राहतं. शिजलेली, निथळलेली डाळ एका जेवणाला पाव वाटी, त्याहून जास्त नको.

इथे चूक होते ती बेरजेची. पाव वाटी डाळ, अर्धी वाटी फरसबी, वर भेंडीची भाजी: प्रत्येक गोष्ट मापात, पण एकाच पानात आली की फोडमॅपचा एकूण भार वाढतो. असे पदार्थ वेगवेगळ्या जेवणांत विभागा. गहू आणि डाळी कमी झाल्याने बद्धकोष्ठही होतं. नाचणी, पालक, पपई आणि पाणी वाढवा. इसबगोल बहुतेकांना सोसतो.

सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर थांबा आणि नेहमीच्या जेवणावर या. हा आहार तुमच्यासाठी नाही. आणि फरक पडला म्हणून इथेच मुक्काम करू नका. याच कर्बोदकांवर आतड्यातले उपयोगी बिफिडोबॅक्टेरिया जगतात, आणि या टप्प्यात त्यांची संख्या घटते.

दुसरा टप्पा: एकेक करून परत आणणं

लोक हाच टप्पा टाळतात, आणि खरी माहिती तर इथेच मिळते. बाकी सगळं जेवण पहिल्या टप्प्याचंच ठेवून एक पदार्थ तीन दिवस चढत्या मापाने खा.

दूध: पाव कप, अर्धा कप, एक कप.
गव्हाची पोळी: अर्धी, एक, दोन.
लसूण: पाव पाकळी, अर्धी, एक.
आंबा: दोन फोडी, चार, अर्धा आंबा.
कांदा, हरभरे आणि मशरूमही याच पद्धतीने.

त्रास झाला की त्या मापावर थांबा. दोन चाचण्यांमध्ये पोट शांत होईपर्यंत, निदान दोन-तीन दिवस, जाऊ द्या. परीक्षेचा पदार्थ एकाच गटाचा हवा. पुरणपोळी दुधाशी खाऊन पोट फुगलं तर गहू, हरभरा डाळ की दूध, काहीच कळत नाही. मिसळ-पावाचंही तसंच.

आंबण्याची क्रिया मोठ्या आतड्यात होते, त्यामुळे त्रास काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही येतो. संध्याकाळी पोट दुखलं म्हणून पाच वाजताच्या चहाला दोष देण्याआधी सकाळचं पान वहीत बघा. मासिक पाळीच्या दिवसांत, प्रवासात आणि अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना चाचणी घेऊ नका.

शेवटी प्रत्येक पदार्थापुढे आपलं माप लिहा: 'पोळी एक ठीक, दोन नाही', 'लसूण अजिबात नाही', 'दूध अर्धा कप'. जे सोसलं ते लगेच रोजच्या जेवणात घ्या. जे सोसलं नाही ते दोन-तीन महिन्यांनी लहान मापाने पुन्हा तपासा, कारण सहनशक्ती बदलत राहते.