ध्वनिमुद्रिका का ध्वनिफीत? जुन्या गाण्यांची यादी करताना

मराठवाड्यात लई घरांत जुन्या कॅसेटी अन् रेकॉर्डी पडून आहेत, गोंधळ, भारूडं, कीर्तनं, अन् यादी करायला बसलं की लोक सगळ्यालाच ध्वनिफीत लिहून मोकळे होतात. पेपरात तर मोबाईलच्या क्लिपलाही ध्वनिफीत म्हणायलेत. तसं करू नका, कारण शब्द चुकला की वस्तू कशी जपायची तेही चुकतं.

आधी वस्तू हातात घ्या. काळी गोल तबकडी असेल अन् उजेडात तिरपी धरल्यावर बारीक खाचा दिसल्या तर ती ध्वनिमुद्रिका. आवाज त्या खाचेतच कोरलेला असतो, तो पुसता येत नाही. मधल्या कागदावर ७८ (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे) असेल तर बहुतेक लाखेची जुनी रेकॉर्ड, १० इंचीची एक बाजू साधारण ३ मिनिटं वाजते, पडली की फुटलीच समजा. ३३ असेल तर ती १९४८ पासून आलेली लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी प्लास्टिकची रेकॉर्ड. ह्या उभ्याच ठेवायच्या, आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तर बिलकुल नको, प्लास्टिकची तबकडी वाकते.

कॅसेटच्या फटीतून तपकिरी पट्टी दिसते ती फीत, म्हणून ती ध्वनिफीत, मोठ्या स्पूलवरची टेप पण ध्वनिफीतच. हिच्यावर आवाज चुंबकानं बसवलेला असतो, त्यामुळं पुसून वरून दुसरं भरता येतं, अन् घरोघरी तसं भरलेलंच असतं. वरच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवू नका, दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐका, भारूड संपल्यावर एखाद्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या निघू शकतात बरं का. ऐकायच्या आधीच कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन छोट्या टिकल्या तोडून टाका, मग चुकून बटण दाबलं तरी वरून भरलं जात नाही. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यात चुंबक असतो.

अजून एक, फिलिप्सनं कॅसेट आणली १९६३ ला. कॅसेटवर १९५५ लिहिलेलं असेल तर ते गाण्याचं साल असेल, त्या कॅसेटचं नाही.

मोबाईलमधलं ना मुद्रिका ना फीत, त्याला सरळ ऑडिओ म्हणा नायतर ध्वनिमुद्रण. कॅसेटवरून उतरवून घेतलं तर असं लिहा: मूळ ध्वनिफीत, त्यावरून ऑडिओ फाईल, उतरवल्याची तारीख, गाव, अन् गाणाऱ्या बाईचं नाव. नाव सहसा कॅसेटवर नसतंच, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकवून आत्ताच विचारून घ्या.