दोन झोपांवरून एकीवर: वर्ष-सव्वा वर्षाच्या लेकराची झोपेची वेळ कशी बदलावी

पहिला वाढदिवस झाला की घरात कुणीतरी म्हणतंच, "आता मोठं झालं, सकाळची झोप मोडा." परभणीत पाळणाघर चालवताना हा सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकते आहे आणि त्यापायी लेकरांचे झालेले हालही पाहते आहे. वाढदिवसाची तारीख आणि झोपेची गरज यांचा काही संबंध नाही. बहुतेक लेकरं 14 ते 18 महिन्यांच्या दरम्यान दिवसातल्या दोन झोपांवरून एका झोपेवर येतात. 12व्या महिन्यातच तयार होणारी थोडी.

बरं, 12व्या महिन्याच्या आसपास लेकरू काही दिवस दुपारची झोप नाकारतं, हे खरं आहे. नुकतं पाऊल टाकायला शिकलेलं असतं, आई नजरेआड झाली की घाबरतं, अंथरुणावर टेकवलं की उभं राहतं. ते झोपेची वेळ बदलायची खूण नव्हे. दोन आठवडे नेहमीच्या वेळेला टेकवत राहा, बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

खरी खूण वेगळी. सकाळी दहाला टेकवलं तर अर्धा-पाऊण तास नुसतं लोळतं. किंवा सकाळी छान झोपतं आणि दुपारी तीनला काही केल्या डोळा लागत नाही. किंवा दोन्ही झोपा घेतं आणि रात्री साडेदहापर्यंत टक्क जागं राहतं, नाहीतर पहाटे पाचला उठून खेळायला लागतं. यातलं काहीतरी सलग दोन आठवडे, बहुतेक दिवस दिसलं तरच वेळ बदलायला घ्या. दोन-चार दिवसांचा गोंधळ दातांमुळे, सर्दीमुळे किंवा पाहुण्यांमुळे असतो.

आधी एक आकडा डोक्यात पक्का बसवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला 24 तासांत 11 ते 14 तास झोप लागते, दिवसाची झोप धरून. म्हणजे एक झोप मोडली तरी झोपेचे तास कमी करायचे नाहीत. सकाळचा एक तास दुपारी आणि रात्री वाटून द्यायचा आहे. दुपारी दोन-अडीच तास आणि रात्री साडेदहा-अकरा तास असा हिशेब बसला की काम झालं. सकाळची झोप मोडून दुपारची आहे तेवढीच ठेवली, तर लेकरू रोज तासभर झोपेचं उपाशी राहतं आणि सगळं घर त्याला किरकिरं म्हणतं.

केव्हा सुरू करू नये

लग्नाच्या आठवड्यात नको, गावाला जायचं असेल तर नको, जावळाच्या गडबडीत नको. 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो. त्यानंतर अंग कोमट राहू शकतं, तेव्हा ते दोन-तीन दिवस सोडा. आई नव्यानं नोकरीवर जाणार असेल तर तो आठवडाही सोडा.

लेकरू अजून साडीच्या झोळीत झोपत असेल तर आधी त्याला खाली गादीवर झोपायची सवय लावा, वेळ नंतर बदला. कापूस वेचायला गेलेली माय बांधावरच्या लिंबाला झोळी बांधते, तिथं दुसरी सोय नसते. घरात मात्र उभं राहायला शिकलेल्या लेकराला झोळीत ठेवू नका. ते उठून बसतं, कलतं आणि डोक्यावर पडतं. शिवाय झोका थांबला की जाग येते, आणि दुपारची दोन तासांची सलग झोप झोक्यावर मिळत नाही. झोपवताना गळ्यातला काळा दोरा, साखळी, ताईत काढून ठेवा.

सकाळ बांधा

रोज एकाच वेळी उठवा, साडेसहा ते सातच्या दरम्यान, आणि दहा मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर उजेडात न्या. रविवारीसुद्धा.

सकाळची झोप पुढं सरकवा

आज दहाला झोपत असेल तर दोन-तीन दिवस सव्वादहाला टेकवा, मग साडेदहाला, मग पावणेअकराला. एका वेळी 15 मिनिटं, त्याहून जास्त नाही. साडेबारापर्यंत पोचायला महिना लागतो. एका आठवड्यात उरकायची घाई करणारे सहाव्या दिवशी थकून परत दोन झोपांवर येतात.

साडेदहापर्यंत सगळं सोपं जातं. साडेदहा ते बारा हा पट्टा अवघड. मला स्वतःला हा पट्टा हातात यायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून इथं जरा सविस्तर सांगते.

या वेळात लेकरू डोळे चोळतं, कान ओढतं, चालता चालता बसकण मारतं. आजीला ते बघवत नाही. "झोपू दे गं लेकराला, काहून छळ करायलीस?" असं ऐकावं लागतं. तेव्हा सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांनाच त्या अर्ध्या तासाचं काम सोपवावं. "आत्याबाई, बारापर्यंत तुम्ही सांभाळा, मी वरण लावते," असं म्हटलं की बहुतेक घरांत निभतं. लेकराला जागं ठेवायचा भार एकट्या आईवर पडला की पहिल्या आठवड्यातच सगळं मोडतं.

या वेळात तीन गोष्टी अजिबात करू नका. पहिली, गाडीवर किंवा रिक्षात नेऊ नका. बाजाराचं काम सकाळी नऊला उरका. गाडीवर लागलेली दहा मिनिटांची डुलकी साठलेला सगळा थकवा खाऊन टाकते, आणि मग साडेबाराला लेकरू डोळे लख्ख उघडे ठेवून तुमच्याकडे बघत बसतं. दुसरी, आडवं करून पाजू नका, अंगावरचंही नाही आणि बाटलीनंही नाही. तिसरी, मोबाइल देऊ नका. या वयात पडद्याचा वेळ शून्य असावा असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि मोबाइलवर गप्प बसलेलं लेकरू ताजंतवानं झालेलं नसतं, गुंगलेलं असतं.

पाणी आणि मोकळी हवा, एवढंच खरं चालतं. सावलीत परातीत दोन बोटं पाणी, एक वाटी, एक चमचा, आणि हाताच्या अंतरावर मोठं माणूस. परातीपासून उठायचं असेल तर आधी पाणी ओता, मग उठा. मेथीची जुडी निवडायला बसा आणि लेकराला चार काड्या द्या, पंधरा मिनिटं सहज जातात. तुरीच्या शेंगा, शेंगदाणे, हरभरे मात्र जवळपाससुद्धा नकोत. दाणा घशात अडकायला क्षण पुरतो.

सव्वाअकरा ते साडेअकराला जेवण. मऊ वरणभात तूप घालून, नाहीतर मुगाची खिचडी, नाहीतर दुधात कुस्करलेली भाकरी. या महिन्यात लेकरू ताटावरच पेंगतं. मान एकदम खाली जाते, हातातला घास तसाच राहतो. अशा वेळी उचलून थेट अंथरुणावर नेऊ नका. गालात घास राहिलाय का बघा. ओल्या फडक्यानं तोंड पुसा, दोन घोट पाणी पाजा, तोंड रिकामं असल्याची खात्री करा आणि मगच आडवं करा. पाळणाघरात मी हा नियम कुणालाही मोडू देत नाही.

चाळीस मिनिटांत उठलं तर

उठणारच. सुरुवातीचे दोन आठवडे एकच झोप पुरत नाही आणि दोन झेपत नाहीत. पावणेएकला झोपलेलं लेकरू सव्वा-दीडला रडत उठतं. लगेच उचलू नका, दिवा लावू नका, बोलू नका. शेजारी बसा, पाठीवर हात ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत बरीच लेकरं परत झोपतात, कारण झोपेचं एक आवर्तन संपून दुसरं सुरू होतानाची ती जाग असते. नाहीच झोपलं तर उठवा, खाऊ घाला. त्याच्याशी कुस्ती नको.

आपल्याकडे या अर्धवट झोपेचं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे उकाडा. पत्र्याची खोली दुपारी एक ते चार भट्टीसारखी तापते. लेकरू मानेला घाम येऊन उठतं आणि आई म्हणते, याला दुपारची झोपच नको आहे. दुपारसाठी घरातली सगळ्यात गार खोली द्या, तिथं आजोबा झोपत असले तरी. खिडकीला वाळ्याचा पडदा किंवा ओली चादर लावा. कूलर लावाल तर समोरची एखादी खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा साठतो आणि घामोळं येतं. झोत अंगावर थेट नको. कूलर पत्र्याच्या बॉडीचा असेल तर अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्याच. पाणी भरलेला, चालू कूलर हात लावला की शॉक देऊ शकतो, आणि चालायला शिकलेलं लेकरू पहिला हात तिथंच लावतं. लाइट गेली तर ओल्या पंचानं हातपाय पुसा आणि हाताच्या पंख्यानं वारा घाला.

तरीही एकच झोप सुरू करायला मार्च-एप्रिल मला सगळ्यात बरा वाटतो. दुपारी बारानंतर सगळी गल्लीच दार लावून घेते, बाहेर आवाज नसतो, घरातली मोठी माणसंही आडवी होतात. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकड्यावर येतो, सकाळी आठपर्यंत कुणी पांघरुणातून निघत नाही, आणि सगळ्याच वेळा घसरतात.

त्या दिवशी रात्री लवकर

दुपारची झोप कमी पडली की रात्री लवकर झोपवायचं, संध्याकाळी सात-सव्वासातला. याला सगळ्यात जास्त विरोध होतो. "आत्ता झोपवलं तर पहाटे चारला उठंल," असं सगळे ठामपणे सांगतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे, आणि त्याला कारण आहे. अति दमलेल्या लेकराचं शरीर जागं राहण्यासाठी ताणात जातं. मग ते झोपायला त्रास देतं, रात्री दचकून उठतं आणि पहाटे लवकर जागं होतं. रात्री उशिरा झोपवून सकाळी उशिरा उठेल, हे मोठ्या माणसाचं गणित आहे. वर्षाच्या लेकराला ते लागू पडत नाही.

संध्याकाळी पाचला खांद्यावर डुलकी लागू लागली तर लागू देऊ नका. बाहेर न्या, अंघोळ घाला, जेवण साडेसहाला आणा. चारच्या आत डुलकी आली तर 20 मिनिटं चालेल, मग उठवा.

आणि वडिलांबद्दल. दुकान बंद करून रात्री नऊला आलेला बाप झोपलेल्या लेकराला उठवतो, कारण दिवसभर त्यानं ते पाहिलेलं नसतं. त्याची ओढ मला समजते. पण रात्रीची ती वीस मिनिटं लेकराला दुसऱ्या दिवशीही भोवतात. सकाळी साडेसहा ते साडेसात ही वेळ बापाची ठरवून टाका: उठवणं, अंगणात नेणं, दूध देणं सगळं त्यानंच करायचं. ज्या घरांनी हे केलं तिथं नऊचं उठवणं भांडण न होता बंद झालं.

रात्र फार वाईट गेली असेल, तर त्या दिवशी सकाळी साडेनऊला 20-30 मिनिटांची झोप द्या आणि स्वतः उठवा. एवढ्यानं आधी केलेलं काम वाया जात नाही. मात्र रोज रोज नको.

बाकीचं

झोपण्याआधी रोज तोच क्रम ठेवा: हातपाय धुणं, कपडे, दिवा मालवणं, अंगाई. पाळणाघर, आजोळ आणि घर या तिन्ही ठिकाणी वेळा एकच ठेवा, त्या एका कागदावर लिहून द्या.

झोप लागावी म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध पाजू नका, कुणी कितीही निरुपद्रवी म्हटलं तरी. मेडिकलवाल्यानं दिलं तरी नाही.

लेकरू रोज घोरत असेल, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, किंवा रात्रभर तळमळत असेल आणि चेहरा-नखं फिकी दिसत असतील, तर वेळापत्रक बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लोह कमी असल्यानंही झोप अस्वस्थ होते, आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं.

महिना-दीड महिन्यानं साडेबारा ते अडीच अशी झोप बसली की रात्रीची वेळ हळूहळू आठ-साडेआठवर आणा. दुपारची ही एक झोप बहुतेक लेकरांना निदान तीन वर्षांपर्यंत लागते. दोन वर्षांच्या आसपास ते तीही नाकारून बघेल. तेव्हा मोडू नका, साडेबाराला अंथरूण घाला आणि खोली अंधारी करून टेकवत राहा.