शपथेवर सांगता येईल तेवढंच दाखवा

मुंबईत जे.जे.मध्ये उपयोजित कला शिकले, मग अमेरिकेत मेडिकल इलस्ट्रेशनमध्ये मास्टर्स केलं. आता अमेरिकेतल्याच खटल्यांसाठी अ‍ॅनिमेशन करते. या वाटेने येऊ पाहणाऱ्यांना माझी बुरशीची पहिली केस सांगते.

भिंतीतला पाइप गळत होता, आत बुरशी माजली होती आणि भाडेकरू बाईंचा दमा बळावला होता. मी काळ्या बीजाणूंचा लोट नाकातून थेट फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत नेला आणि ते लालबुंद सुजवले. साक्ष देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हिच्या सीटी स्कॅनमध्ये वायुकोश स्वच्छ आहेत. शपथेवर मी हे कसं सांगू?" तीन आठवड्यांचं काम गेलं, आणि ते जायलाच हवं होतं.

अ‍ॅलर्जीच्या दम्यात मुख्य घडामोड श्वासनलिकेत होते. म्हणून नव्याने फक्त नळीचा आडवा छेद काढला. बीजाणूतलं प्रथिन अस्तरात उतरतं, तिथल्या मास्ट पेशीवरच्या (ही अ‍ॅलर्जी भडकवणारी पेशी) आयजीई या अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडांना चिकटतं, पेशी हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन सोडते. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो. आजार हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून गेलेल्या कणांमुळे फुप्फुसाला येणारी सूज असता, तर वायुकोशच दाखवावे लागले असते. त्यामुळे आधी केसपेपर वाचा, मग सॉफ्टवेअर उघडा.

आकाराचंही तसंच. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो चेंडूएवढा दिसणार असेल, तर 'प्रमाणबद्ध नाही' असं पडद्यावर लिहा.

समोरचे वकील बहुधा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या अमेरिकी सल्लागार संस्थेचा २००४ चा अहवाल काढतील. त्यात घरातली बुरशी आणि खोकला, घरघर, बुरशीची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णांमधली दम्याची लक्षणं यांचा संबंध मान्य केलाय, पण संबंध म्हणजे कारण नव्हे. या बाईंच्या बाबतीत कारण काय, ते डॉक्टरांनी सांगायचं. भिंतीपासून फुप्फुसापर्यंत बाण काढून आपण ते ठरवायचं नाही.

अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टांत डिसेंबर २०२४ पासून नियम १०७ लागू आहे. नुसतं समजावण्यासाठी दाखवलेलं अ‍ॅनिमेशन पुरावा ठरत नाही. सर्व पक्षांची संमती किंवा सबळ कारणासाठी दिलेला कोर्टाचा आदेश नसेल, तर ज्युरी, म्हणजे निकाल देणारे नागरिक, ज्या खोलीत विचारविनिमय करतात तिथेही ते जात नाही. ज्युरीच्या लक्षात राहील ते साक्षीच्या वेळी पाहिलेलंच. म्हणून क्लिप टप्प्याटप्प्यावर थांबवता येईल अशी बांधा आणि पार्श्वसंगीत अजिबात घालू नका. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी आवळलेल्या नळीवर चित्र थांबवलं आणि पुढची काही मिनिटं त्या एकट्याच बोलत होत्या.