पोहणाऱ्या मुलांच्या स्ट्रोकमधल्या या चुका टाळा

मे महिन्यातलं शिबिर संपतं, मूल २५ मीटर कसंबसं पार करतं आणि पालक विचारतात, "आता बटरफ्लाय कधी?" बिघाडाला सुरुवात इथूनच होते. शरीर पाण्यात आडवं, लांब ठेवता येत नाही तोवर हातपाय जितके जोरात मारू, तितकी चूक पक्की होत जाते. आणि पक्की झालेली चूक सोडवायला नवा स्ट्रोक शिकवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

फ्रीस्टाइलमध्ये घोटाळा डोक्याचा असतो. विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेली मुलं तोंड वर ठेवूनच पोहतात. विहिरीत ते योग्यच, समोरचा कठडा आणि माणसं दिसायला हवीत. तलावात मात्र डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात आणि मूल चढावर चालल्यासारखं दमतं. मग काठावरून आरोळी येते, "पाय मार, पाय मार!" पायांनी कंबर वर येत नाही, डोकं खाली गेलं की येते. नजर तळाच्या काळ्या पट्ट्यावर हवी, मान सैल हवी.

डोकं वर जाण्यामागे बहुतेक वेळा श्वास असतो. मूल पाण्यात श्वास कोंडून धरतं आणि तोंड बाहेर आल्यावर तेवढ्याशा वेळात सोडणं नि घेणं दोन्ही उरकू पाहतं. वेळ पुरत नाही, म्हणून मान उचलली जाते. काठ धरून तोंड पाण्यात घालावं, तीन आकडे होईपर्यंत सलग बुडबुडे सोडावेत, मग मान फक्त बाजूला वळवून श्वास घ्यावा. एक कान पाण्यातच राहिला पाहिजे. सरावाच्या सुरुवातीला असं वीस वेळा, रोज. त्यानंतर कुशीवर पडून, खालचा हात पुढे ताणून सहा किक, एक हात आणि कूस बदल. श्वास दर तीन हातांनी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या तयार होतात. किकबोर्डवर, म्हणजे धरून पोहायच्या तरंगत्या फळीवर, हनुवटी टेकवून लांबच्या लांब किक मारणं मला अजिबात पटत नाही. सोडवायची तीच सवय त्यात रोज घोटली जाते.

हात डोक्यासमोर मधली रेषा ओलांडून पडत असेल तर शरीर नागमोडी जातं. हात खांद्याच्या रेषेत टाकायला सांगा.

ब्रेस्टस्ट्रोकची कात्री किक ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. जिल्हा स्पर्धेत हे हमखास दिसतं: दहा वर्षांचं पोर ५० मीटरमध्ये सगळ्यांच्या पुढे येऊन भिंतीला हात लावतं, घरचे टाळ्या वाजवतात, आणि निकालाच्या कागदावर वेळेच्या जागी 'डीक्यू', म्हणजे डिस्क्वालिफाइड, बाद असतं. एक पाऊल बाहेर वळलेलं, दुसरं नृत्यासारखं ताणलेलं आणि खालीवर जाणारं. मूल रडतं, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. किक जोर देत असताना दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला वळलेली असणं नियमात सक्तीचं आहे.

दुरुस्ती जमिनीवरून सुरू करावी. मुलाला काठावर पालथं झोपवून पाय कडेबाहेर ठेवावेत. टाचा कुल्ल्यांकडे आणून, पायाची बोटं बाहेर वळवून, तळवे हातांनी धरून गोल फिरवून दाखवावेत. गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडेच रुंद असावेत, फार फाकले की गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येऊन दुखणं सुरू होतं. मग पाण्यात पाठीवर, हात मांड्यांशी ठेवून, दर किकला टाचा हाताच्या बोटांना लावायच्या आणि गुडघे पाण्याबाहेर दिसू द्यायचे नाहीत. एका वेळी १२ ते १५ मीटरच. ताणलेलं पाऊल परत दिसलं की तिथेच थांबवावं. या काळात स्टॉपवॉच बॅगेत राहू द्या. घड्याळ दिसलं की मूल जुन्याच किककडे पळतं. क्रम हात, श्वास, किक आणि मग सरकणं असा हवा. सरकणं गाळून हात भराभर चालवणारी मुलं दमतात, पुढे जात नाहीत.

बॅकस्ट्रोकमध्ये मुलं पाण्यात बसल्यासारखी होतात. पोट वर, नजर छताकडे, करंगळी आधी पाण्यात. पाण्यावर आडव्या दोरीला टांगलेले झेंडे भिंतीपासून ५ मीटरवर असतात, तिथून हात मोजण्याची सवय लावा, म्हणजे मान वळवून भिंत शोधावी लागत नाही.

बटरफ्लायमध्ये दोन्ही हातांच्या एका फेरीला दोन किक: हात पाण्यात शिरताना एक, बाहेर पडताना एक. दुसरी गळली की हात उचलणं निव्वळ खांद्यांवर पडतं. दमलेल्या मुलाला बटरफ्लाय देऊ नका. चार-पाच नीट स्ट्रोक झाले की फ्रीस्टाइलने पूर्ण करू द्या.

हँड पॅडल, म्हणजे तळहाताला बांधायच्या प्लास्टिकच्या चकत्या, मुलांना नकोत. हात पाण्याला नीट पकडत नसताना वाढीव जोर थेट खांद्यावर येतो.

आणि भिंत. बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी, एकमेकांपासून अलग टेकले पाहिजेत. मेडलेमध्ये, म्हणजे चारही स्ट्रोक एकामागोमाग पोहायच्या शर्यतीत, बॅकस्ट्रोकचा टप्पा पाठीवरच संपवायचा असतो, ब्रेस्टस्ट्रोकसाठी आधीच पालथं झालेलं मूल बाद होतं. सरावात एका हाताचा स्पर्श दिसला की ती लांबी मोजू नका, परत पोहायला लावा, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तर शेवटच्या सेटला मूल दमलेलं असलं तरी.