सेदेरची रात्र: चौथ्या प्याल्यापर्यंत कसं पोहोचायचं

पेसाह हा ज्यू लोकांचा मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेचा सण, आणि सेदेर हे त्याच्या सुरुवातीच्या रात्रीचं विधीपूर्वक जेवण. सेदेरला द्राक्षारसाचे चार प्याले असतात, पण पुष्कळ घरांत त्यांतले दोनच नीट प्यायले जातात: पहिला किद्दुशचा, म्हणजे सण सुरू करणाऱ्या आशीर्वादाचा, आणि दुसरा मिसरमधून सुटकेच्या कथेनंतरचा. मग जेवण येतं, अकरा वाजून जातात, मुलं पेंगतात आणि उरलेली हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, उभ्या उभ्या उरकली जाते. यात मोठी गोष्ट निसटते. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाने हे प्याले बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातल्या चार वचनांशी जोडले आहेत: मी तुम्हाला मिसरी लोकांच्या ओझ्याखालून काढीन, दास्यातून सोडवीन, तुमचा उद्धार करीन, आणि तुम्हाला माझी प्रजा करून घेईन. पहिली तीन वचनं सुटकेची आहेत, चौथं देव आणि त्याची प्रजा यांच्यातल्या कराराचं. चौथा प्याला राहिला तर गुलाम सुटले एवढंच सांगून होतं, कोणाचे होण्यासाठी सुटले हे राहून जातं. म्हणून पुढची सगळी तयारी याच हिशेबाने करायची.

वेळ आधी बांधा

सेदेर निसान या हिब्रू महिन्याच्या १५ तारखेच्या रात्री, म्हणजे १४ तारखेचा सूर्य मावळल्यावर. २०२७ साली ही रात्र २१ एप्रिलची. इस्राएलमध्ये एकच सेदेर होतो, भारतात लागोपाठ दोन रात्री. तारे दिसण्याआधी किद्दुश करता येत नाही; मुंबईत तेव्हा साडेसात होतात. शेवटचा मत्साचा (न फुगवलेल्या भाकरीचा) तुकडा, आफिकोमान, धार्मिक मध्यरात्रीच्या, म्हणजे सूर्यास्त आणि सूर्योदय यांच्या बरोबर मधल्या वेळेच्या, आत खायचा असतो, आणि ती एप्रिलमध्ये मुंबईला साधारण १२.४० वाजता येते. म्हणजे हातात पाच तास आहेत. कथा नऊच्या सुमारास संपवा, जेवण सव्वानऊ ते साडेदहा, आफिकोमान अकराच्या आत. मुलांना दुपारी झोपवा. तालमूदमधले गुरू रब्बी अकिवा मुलं जागी राहावीत म्हणून त्यांना अक्रोड वाटत असत. तोच उपाय आजही चालतो.

हामेत्स

गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं पीठ पाण्याला लागून फुगलं की ते हामेत्स, आणि पेसाहला ते घरात ठेवायचं नसतं. निसानची १३ तारीख मावळल्यावर मेणबत्तीच्या उजेडात घर शोधायचं. शोधाचा आशीर्वाद फुकट जाऊ नये म्हणून पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून आधी ठेवतात. ते कुठे ठेवले हे लिहून ठेवा, नाहीतर दहावा तुकडा सापडत नाही. सकाळी दहाच्या आत हामेत्स खाणं थांबवा, अकराच्या आत जाळा. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात या सणाला अनाशी ढाकाचा सण म्हणत, कारण आंबट द्रवाची बरणी या दिवसांत झाकून ठेवली जाई.

मत्सा

मत्सा म्हणजे पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. मीठ नाही, तेल नाही. पाणी पिठाला लागल्यापासून भाजायला घालेपर्यंत १८ मिनिटांच्या आत काम व्हायला हवं, आणि तोवर कणीक एक क्षणही पडून राहता कामा नये.

घरी करायचा असेल तर सगळ्यात मोठी अडचण पिठाची. रोलर मिलमध्ये गहू दळण्याआधी ओलवतात, म्हणून दुकानातला मैदा किंवा आटा चालत नाही. कापणीपासून नाहीतर निदान दळणापासून कोरडा राखलेला गहू हवा. पाणी आदल्या संध्याकाळी भरून रात्रभर थंड ठेवा. कोमट पाण्याने कणीक लवकर आंबते, आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी कोमटच असतं. एका वेळी २०० ग्रॅम पीठ आणि ९० ते १०० मिली पाणी, इतकंच. कणीक पोळीपेक्षा घट्ट. पातळ लाटा, काट्याने सगळीकडे टोचा, आणि आधीच कडकडीत तापलेल्या तव्यावर किंवा भट्टीत टाका. कुठे दुमडलं किंवा मोठा फोड आला तर तेवढा भाग बाद, कारण तिथे आतली कणीक शिजायच्या आधी फुगते. प्रत्येक खेपेनंतर लाटणं आणि पोळपाट घासून कोरडे करा. पोळपाटाला चिकटलेला जुना गोळा पुढच्या सगळ्या मत्सा बिघडवतो. पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हग्गादामध्ये मत्सा करणाऱ्या बायकांची चित्रं आहेत. हे काम आपल्याकडे घरच्या हातांनी होत आलं आहे. पण हात बसलेला नसेल तर सेदेरसाठी तयार, राखलेल्या पिठाचा मत्सा आणावा, हे आमचं स्पष्ट मत.

दर माणशी तीनदा मत्सा खायचा असतो, आणि दर वेळी सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे माणशी शंभर ग्रॅम, दहा माणसांना एका रात्रीला एक किलो, शिवाय जेवणासाठी वेगळा.

ताट आणि प्याले

भाजलेलं बकऱ्याच्या तंगडीचं हाड, भाजलेलं अंडं, मारोर (कडू भाजी), हारोसेत (खजुराचं गोड वाटण), कारपास (बुडवून खायची भाजी), आणि बाजूला मिठाच्या पाण्याची वाटी. हाड सूर्यास्ताआधी भाजा. ते फक्त दाखवायचं आहे, त्या रात्री खायचं नाही. मिठाचं पाणीही आधीच करून ठेवा.

मारोरला रोमेन लेट्यूस उत्तम. कारलं आणि मेथी कितीही कडू असली तरी मिश्नाने, म्हणजे तालमूदच्या मूळ संहितेने, सांगितलेल्या पाच भाज्यांत ती येत नाहीत. माणशी दोन वेळा दोन-तीन मोठी पानं, म्हणून दहा जणांना चार गड्डे. पानं सुटी करून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, मग एकेक पान उजेडासमोर धरून किडी बघा. रात्रभर भिजत मात्र टाकू नका: चोवीस तास भिजलेलं मारोर धरलं जात नाही.

हारोसेत दहा जणांना: अर्धा किलो बिनबियांचा खजूर दीड वाटी पाण्यात मऊ शिजवून घोटा, वाटीभर भरड अक्रोड आणि चिमूटभर दालचिनी घाला. ते विटांच्या चिखलासारखं दाट हवं. पातळ झालं तर मंद आचेवर आटवा.

प्याला कमीत कमी ८६ मिलीचा. काही मतांनी १५० मिलीपर्यंत. चार प्याले आणि दहा माणसं म्हणजे चार लिटर द्राक्षारस तरी हवा. कोशर (धर्मनियमांनुसार बनवलेली) वाइन मिळत नसे तेव्हा बेने इस्राएल घरांत मनुकांचं सरबत करत, आणि ते आजही होतं. अर्धा किलो काळ्या मनुका धुऊन लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, कुस्करून पिळा, गाळा. फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर राहिलं तर दिवसभरात आंबतं.

रात्रीचा क्रम

किद्दुश, पहिला प्याला डावीकडे रेलून; रेलणं ही मोकळ्या माणसाची खूण. आशीर्वाद न म्हणता हात धुवा. कारपास मिठाच्या पाण्यात बुडवून खा, पण ३० ग्रॅमपेक्षा बरंच कमी, नाहीतर त्यामागून आशीर्वाद म्हणायचा की नाही हा प्रश्न उभा राहतो. तीन मत्सांतला मधला मोडा. मोठा तुकडा आफिकोमान म्हणून लपवा.

आता मग्गीद, म्हणजे कथा. इथेच सेदेर लांबतो किंवा कोरडा पडतो. मुलाने चार प्रश्न विचारल्यावर लगेच पुढे वाचू नका, त्याच्याकडून अजून एक स्वतःचा प्रश्न काढून घ्या. मोठ्यांनी वाचायचा गाभा बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातला आहे: चार ओवींत मिसरला जाणं, जाच, आक्रोश, सुटका. प्रत्येक शब्दावर हग्गादा थांबते, तिथे मराठीत सांगा. मुंबईत १८४६ पासून मराठी अनुवादासह हग्गादा छापल्या गेल्या, त्या याचसाठी. लोकांना मिसरमधून नेणाऱ्या मोशेचं नाव या सगळ्यात जवळजवळ येत नाही. चित्रपटातली कथा सांगत बसलात तर एक तास जातो आणि सोडवणारा देव बाजूला पडतो. दहा पीडांना प्याल्यातले दहा थेंब काढा. दायेनू हे आभाराचं गाणं गाताना सीनाय पर्वताच्या कडव्यावर जरा थांबा, कारण तिथे करार पहिल्यांदा डोकावतो. मग पेसाहचा बळी, मत्सा, मारोर या तिन्हींचा अर्थ सांगा; रब्बान गमलीएलच्या मते हे सांगितल्याशिवाय कर्तव्य पुरं होत नाही. दुसरा प्याला.

पुन्हा हात धुवा, या वेळी आशीर्वादासह. मत्सा रेलून, साधारण चार मिनिटांत संपवा. मारोर हारोसेतला लावून झटका, आणि ते न रेलता खा. दास्याच्या चवीला राजेशाही थाट शोभत नाही. मग मत्सा आणि मारोर एकत्र, पुन्हा रेलून.

जेवण हलकं ठेवा. भरपेट मटण-भात झाला की आफिकोमान घशाखाली उतरत नाही आणि हाल्लेल या स्तुतीच्या स्तोत्रांना आवाज उरत नाही. भात सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनमधल्या ज्यूंच्या, परंपरेत चालतो. तांदूळ आधी तीनदा निवडून घ्या, त्यात गव्हाचा दाणा राहतो.

आफिकोमान खाल्ल्यावर पाणी आणि उरलेले दोन प्याले सोडून काही नाही, म्हणून चहा आधी घ्या. जेवणानंतरच्या आभाराला तिसरा प्याला. एलियाहू संदेष्ट्यासाठी दार उघडा, मुलालाच उघडू द्या, झोप उडते. मग हाल्लेलची स्तोत्रं ११५ ते ११८ बसून, चालीत म्हणा. इथे वेग वाढवू नका. चौथा प्याला यांच्या शेवटी येतो, आणि तो घेण्याआधी निर्गम ६:७ मोठ्याने वाचा.

दुसऱ्या रात्रीपासून

दुसऱ्या सेदेरच्या रात्री ओमेरची, म्हणजे पेसाहपासून शावुओतच्या सणापर्यंतच्या दिवसांची, मोजणी सुरू होते: तारे दिसल्यावर आशीर्वाद, मग आज पहिला दिवस. सात आठवडे, ४९ रात्री. एखादी रात्र विसरलात तर दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताआधी आशीर्वादाविना मोजा आणि पुढे नेहमीसारखं चालू ठेवा. अख्खा दिवस चुकला तर पुढच्या रात्री आशीर्वाद न म्हणता मोजायच्या. मोजणीचा तक्ता स्वयंपाकघरात लावा. पन्नासाव्या दिवशी, शावुओतला, सभास्थानात निर्गम १९ आणि २० वाचतात; घरी त्याला २४वा अध्याय जोडा, जिथे मोशे कराराचं पुस्तक वाचून दाखवतो आणि लोक म्हणतात, आम्ही करू आणि ऐकू.