अवकल समीकरणांचा पहिला अभ्यासक्रम: तयारी आणि अभ्यासाची पद्धत

अवकल समीकरणांच्या, म्हणजे ज्यांत अज्ञात फलनाचे अवकलज येतात अशा समीकरणांच्या, पहिल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी अडखळतात ते बहुधा जुन्या समाकलनापाशी. म्हणून वर्ग सुरू होण्यापूर्वी खंडशः समाकलन, आंशिक अपूर्णांक, घातांकी व लॉगॅरिथम फलने आणि संमिश्र संख्या यांची उजळणी करून ठेवावी.

पाठ्यपुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शीर्षकातच रीत सांगितलेली असते, त्यामुळे समीकरण ओळखण्याचा सराव होतच नाही आणि परीक्षेत नेमकी तिथेच पंचाईत होते. यावर उपाय असा, की निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे एकत्र करून ती न सोडवता केवळ कोटी कोणती (सर्वांत वरचा अवकलज कितवा), समीकरण रेषीय आहे का (फलन व त्याचे अवकलज पहिल्या घातातच, एकमेकांशी न गुणलेले), चले विलग होतात का (वाय एका बाजूला, एक्स दुसऱ्या बाजूला) आणि कोणती रीत चालेल, एवढेच लिहावे.

उत्तर आले, की ते मूळ समीकरणात घालून पाहावे. गणितात इतकी स्वस्त पडताळणी क्वचितच मिळते, तरी ती टाळली जाते. उदाहरणार्थ, वायचा अवकलज ‘२ उणे वाय’ असेल, तर समाकलनाचा स्थिरांक ‘ई’च्या घाताला गुणून येतो, तो उत्तराच्या शेवटी नुसता मिळवल्यास समीकरण जुळत नाही आणि चूक लगेच उघडी पडते. मात्र गाळलेली उत्तरे या पडताळणीत सापडत नाहीत. वायचा अवकलज वायच्या वर्गाइतका असेल, तर चले विलग करताना आपण वायच्या वर्गाने भागतो आणि ‘वाय सर्वत्र शून्य’ हे उत्तर नकळत गमावतो. याच समीकरणात एक्स शून्य असताना वाय १ घेतल्यास येणारे उत्तर, म्हणजे ‘१ भागिले (१ उणे एक्स)’, एक्स १ कडे जाताना अनंताकडे जाते, जरी समीकरणाकडे पाहून तिथे काही बिघडेल अशी शंकाही येत नाही. म्हणून उत्तरासोबत ते कोणत्या अंतरालात खरे आहे, हेही लिहावे.

स्थिर सहगुणकांच्या द्वितीय कोटी समीकरणांत सहायक समीकरणाच्या (अवकलजांच्या जागी अज्ञाताचे घात ठेवून मिळणाऱ्या वर्गसमीकरणाच्या) मुळांचे तीन प्रकार नुसते पाठ न करता स्प्रिंगला टांगलेल्या वजनाच्या गतीशी जोडावेत: मुळे संमिश्र असली की आंदोलने होतात, वास्तव असली की होत नाहीत आणि समान मुळे ही या दोहोंमधली सीमा असते. अवकल समीकरणाचे बीजगणिती समीकरण करून देणाऱ्या लाप्लास रूपांतराची धास्ती घेऊ नये. तिथे मुख्य कष्ट पुन्हा आंशिक अपूर्णांकांचेच असतात.

ऑयलरची अंकीय रीत, म्हणजे लहान पायऱ्यांनी पुढे सरकत दर पायरीला तिथल्या उतारावरून पुढचे अंदाजे मूल्य काढणे, एकदा तरी हाताने करावी. वायचा अवकलज वायइतकाच आणि सुरुवातीला वाय १ असेल, तर ०.१ ची पायरी घेऊन एक्स १ पाशी २.५९३७ येतात, खरे मूल्य २.७१८३ आहे. पायरी ०.०५ केल्यास २.६५३३ येतात, म्हणजे चूक जवळपास निम्मी होते. एवढे केल्यावर संगणकाने काढलेल्या आलेखावर कितपत भिस्त ठेवायची, याचा अंदाज येऊ लागतो.